मूठभर साल

काकांची एक मूठ म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. सातविणीची वाळलेली साल, हातानं तुकडे केलेली. घरातल्या काट्यावर मी ती तीनदा मोजली. एकदा सव्वीस भरली, एकदा एकतीस. काकांना हा सगळा प्रकार अपमानाचा वाटला. "अगं, मूठ ती मूठ. वैद्यबुवा काय खिशात काटा घेऊन फिरायचे?"

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती, आणि भांडण झालं की दोन्ही. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. संध्याकाळी सहा ते आठ त्यांचा मुक्काम माजघरातल्या झोपाळ्यावर. मी पीएचडीला सातवीण घेतली त्यात शास्त्राचा वाटा थोडा आणि झोपाळ्याचा जास्त, हे कबूल करून टाकते.

झालं असं की २०२१च्या पावसाळ्यात काकांना ताप आला. थंडी वाजून, दात वाजून, मग घाम. एक दिवस बरे, दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी परत. ज्याला जुनी माणसं एकाआड एक दिवसाचा हिवताप म्हणतात, तो हुबेहूब. रक्त तपासा म्हटलं तर नाही. सातविणीच्या सालीचा काढा, सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. ताप गेला. सहा-सात आठवड्यांनी परत आला, परत काढा, परत गेला. "दोनदा आला, दोनदा घालवला," असा काकांचा हिशेब. हाच हिशेब त्या गोष्टीकडे उलट्या बाजूनं बघितला की कसा दिसतो, ते मला कळायला चार वर्षं लागली.

विषय घेऊन माझ्या मार्गदर्शक मॅडमकडे गेले, तेव्हा त्यांनी काही न बोलता एक शोधनिबंध पुढ्यात सरकवला. आयुष-६४ नावाची गोळी आहे. केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेनं हिवतापासाठीच तयार केलेली. सातवीण, कुटकी आणि चिराईत यांचे पाण्यात काढलेले अर्क आणि सागरगोट्याचं चूर्ण. (लहानपणी आम्ही खेळायचो तेच सागरगोटे.) कोविडच्या काळात ती पुन्हा बातम्यांत आली होती. तर २००० साली छापून आलेल्या त्या निबंधात व्हायवॅक्स जातीच्या परजीवीनं होणाऱ्या हिवतापाच्या रुग्णांत आयुष-६४ आणि हिवतापाची नेहमीची गोळी क्लोरोक्विन यांची तुलना होती. अठ्ठावीस दिवसांनी क्लोरोक्विनवाले सगळे बरे. आयुष-६४वाले जेमतेम निम्मे.

"आता सांग, निम्मे म्हणजे औषध आहे की नाही?" मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, काहीतरी आहे. "मग ते काहीतरी काय आहे ते शोध. आणि ते माणसाला बाधतं का ते आधी शोध."

माल आणण्यापासूनच फजिती सुरू झाली. सालीबरोबर चिराईत घ्यायचं ठरलं होतं, म्हणून मांडवीच्या बाजूला काष्ठौषधीच्या एका दुकानातून पुडा आणला. दुकानदार म्हणाला करियातूं, मी म्हटलं चिराईत, दोघांचंही समाधान. प्रयोगशाळेत काडी आडवी कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर चारी कोपरे स्वच्छ दिसतात, काडी चौकोनी. खऱ्या चिराईताचं खोड खालच्या बाजूला गोल असतं आणि आत भरपूर गाभा. चौकोनी काडीचं ते ओलं किराईत. गुजरातीत लीलूं करियातूं, शास्त्रीय नावानं अँड्रोग्राफिस. कूळ वेगळं, रसायनं वेगळी. काकांना सांगितलं तर म्हणाले, "कडू आहे ना? मग झालं." वनस्पतीजन्य औषधांचा निम्मा बाजार या एका वाक्यावर चालतो, असं माझं मत झालंय. तेव्हापासून आमच्याकडे नियम: बाजारातली पुडी नाही. झाड बघायचं, फुलाफांदीसकट नमुना दाबून वाळवायचा, वनस्पतीशास्त्रवाल्यांकडून ओळख पटवून क्रमांक घ्यायचा, मगच साल.

सातविणीचं झाड ओळखायला अवघड नाही. एका पेरावर छत्रीसारखी पाच-सात पानं, ऑक्टोबरात हिरवट पांढऱ्या फुलांचे झुबके, आणि संध्याकाळी असा वास की कुणाला वेड लागतं नि कुणाचं डोकं उठतं. लाकडाच्या पूर्वी शाळेच्या पाट्या करत, म्हणून शास्त्रीय नावात स्कोलॅरिस. ताज्या सालीला चाकू लावला की दुधासारखा चीक येतो आणि तो बोटांवर बसला की दोन दिवस जात नाही. खोडाभोवती गोल साल काढली तर झाड मरतं, म्हणून आम्ही फक्त फांद्यांची घेतली, तीही परवानगीचे कागद झाल्यावर. त्या कागदांना किती महिने लागले ते लिहीत नाही, वाचणाऱ्याचा उत्साह जाईल.

दोन ठिकाणची साल घेतली. एक शहरातल्या हमरस्त्यावरच्या झाडाची, कारण ती हाताशी. दुसरी छोटा उदेपूरच्या बाजूची. दोन्ही धुऊन, सावलीत वाळवून, दळून जड धातूंच्या तपासणीला पाठवल्या. आयुर्वेदिक औषधांसाठी शिशाची मर्यादा दहा पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत दहा), आर्सेनिकची तीन, पाऱ्याची एक, कॅडमियमची शून्य पूर्णांक तीन. रस्त्याकडेच्या सालीत शिसं मर्यादेच्या वर आलं. साल म्हणजे झाडाचं कव्हरच, वर्षानुवर्षांची धूळ तिच्यात मुरते. काकांची साल कुठल्या झाडाची, असं त्या संध्याकाळी विचारलं. ते म्हणाले, "आपल्या कोपऱ्यावरचं." कोपरा म्हणजे जिथे दिवसभर रिक्षा उभ्या असतात तो.

मग अर्क. मॅडमचा आग्रह होता की सालीचा अर्क दोन्ही पद्धतींनी काढायचा. एक काकांसारखी, पाण्यात उकळून, आटवून. दुसरी अल्कोहोलमध्ये थंडच भिजवून, आणि मग कमी दाबाखाली चाळीस अंशांवर अल्कोहोल उडवून. यामागे तू यूयू या चिनी शास्त्रज्ञ बाईंची गोष्ट आहे आणि ती आमच्या विभागात इतक्या वेळा सांगितली जाते की पहिल्या वर्षाची पोरं डोळे फिरवतात. चीनमध्ये १९६७ साली मे महिन्याच्या तेवीस तारखेला हिवतापावरच्या औषधांसाठी प्रकल्प सुरू झाला, म्हणून त्याचं नाव प्रकल्प ५२३. चिंगहाव (आर्टेमिसिया) या वनस्पतीचे अर्क कधी चालत, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंग या चिनी वैद्याच्या ग्रंथात तू यूयूंना ओळ सापडली: मूठभर चिंगहाव पाण्यात भिजव, पिळून रस काढ, पी. उकळ असं तिथे कुठेच नव्हतं. त्यांनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि १९७१च्या ऑक्टोबरात १९१ क्रमांकाच्या नमुन्यानं उंदरांतले परजीवी शंभर टक्के रोखले. पुढच्या वर्षी रुग्णांना द्यायच्या आधी तो अर्क त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतः घेतला. २०१५ साली नोबेल. आज हिवतापावर आर्टेसुनेट वगैरे जी औषधं आहेत ती त्याच अर्कातून मिळालेल्या आर्टेमिसिनिनची पोरंबाळं.

ही गोष्ट मी काकांना सांगायला नको होती. "बघ! मूठभर!" एवढंच त्यांनी ऐकलं. मग आठवडाभर त्यांचे मित्र आर्टेमिसियाच्या चहाची जाहिरात मोबाइलवर पाठवत राहिले. त्या चहाबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली स्पष्ट सांगितलंय की हिवतापाला तो वापरू नका. पानात औषध किती हे दर पिकाला बदलतं, पाण्यात ते नीट उतरत नाही, आणि अर्धवट मात्रेनं परजीवी मरायच्या ऐवजी शहाणा होतो.

आता परजीवी. प्लास्मोडियम फाल्सिपेरम, म्हणजे हिवतापाच्या परजीवीची व्हायवॅक्सहून वेगळी जात, प्रयोगशाळेत सतत वाढवता येतो हे १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी दाखवलं, आणि त्यांची पद्धत इतकी साधी आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला थट्टा वाटते. काचेचा मोठा बंद होणारा डबा, ज्याला आम्ही बरणीच म्हणतो. आत ओ पॉझिटिव्ह रक्ताच्या तांबड्या पेशी आणि पोषक द्रव असलेल्या बश्या. त्यांच्या शेजारी एक मेणबत्ती, साधी, पांढरी, लाइट गेल्यावर लावतात ती. पेटवायची, झाकण ठेवायचं, झाकणाची तोटी उघडी. ज्योत बारीक होत जाते, निळी होते, आणि विझायच्या क्षणी तोटी बंद. आत प्राणवायू कमी, कार्बन डायऑक्साइड जास्त, परजीवीला हवं तसं. मग बरणी सदतीस अंशांच्या पेटीत. लाखालाखांच्या यंत्रांच्या खोलीत मी रोज सकाळी गुडघ्यावर बसून मेणबत्ती विझायची वाट बघायचे.

रोज म्हणजे रोज. द्रव बदलायचा, काचपट्टीवर थेंब ओढायचा, गिम्साचा रंग द्यायचा, बघायचं. परजीवीचं चक्र अठ्ठेचाळीस तासांचं. आधी अंगठी, खड्याची. मग ती फुगते. मग तिची वीसेक पिल्लं होतात आणि पेशी फुटते. रुग्णाला हुडहुडी भरते ती या फुटण्याच्या वेळी. दिवाळीच्या पाडव्याला काकू ओवाळायला थांबलेली आणि मी प्रयोगशाळेत अंगठ्या मोजत, असंही झालंय. आमचा वाण ३डी७. ज्या रुग्णाच्या रक्तातून तो मुळात आला, तो म्हणे अॅमस्टरडॅमच्या विमानतळाजवळ राहणारा होता आणि कधी देशाबाहेर गेलाच नव्हता. डासच विमानानं आला असणार. मला ही माहिती उगाचच आवडते.

पहिली मोठी चाचणी अशी: परजीवींना अर्काच्या वेगवेगळ्या मात्रांत बहात्तर तास ठेवायचं, मग परजीवीच्या डीएनएला चिकटून चमकणारा एक रंग घालायचा. चमक कमी म्हणजे परजीवी कमी. चाचणीच्या ताटलीतल्या, आमचा अल्कोहोलचा अर्क घातलेल्या खळग्यांत चमक धाडकन पडली. मी आकडे तीनदा तपासले. संध्याकाळी घरी येऊन काकांना म्हटलं, "काका, तुमची सातवीण चालते." ते झोपाळ्यावरून उठले आणि स्वतः चहा टाकला. ही घटना आमच्या घरात दर दशकात एकदा घडते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, "काचपट्ट्या बघितल्यास?" नव्हत्या बघितल्या. बघितल्या तर अंगठ्या मजेत. थोड्या कमी, पण मजेत. झालं होतं असं की अर्क गडद तपकिरी, काळ्या कोऱ्या चहासारखा, आणि त्या रंगानंच चमक गिळली होती. यंत्राला परजीवी दिसले नाहीत कारण खळग्यात अंधार होता. नुसता अर्क आणि नुसता रंग असे खळगे मी तुलनेला ठेवलेच नव्हते. चूक पूर्ण माझी. काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यंत्र चुकलं म्हणतेस, मग आता बरोबर आहे कशावरून?" प्रश्न चोख होता. त्यानंतर मी प्रत्येक मात्रेच्या काचपट्ट्या हातानं मोजल्या, आणि कुठली पट्टी कुठल्या मात्रेची हे मला माहीत नसेल अशा रीतीनं. खुणेची चिठ्ठी मैत्रिणीच्या खणात.

खरे आकडे नम्र करणारे होते. परजीवींची वाढ निम्म्यावर आणायला लागणारी मात्रा दर मिलिलिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर अर्काला या क्षेत्रात बरा म्हणतात. अल्कोहोलचा अर्क दहाच्या बराच वर. त्याचे भाग पाडले, तेव्हा अल्कलॉइडवाला (नत्र असलेल्या, बहुधा कडू रसायनांचा) भाग, जो रसायनं वेगळी करायच्या पट्टीवर ड्रॅजेनडॉर्फ नावाच्या द्रावणाच्या फवाऱ्यानं नारिंगी होतो, दहाच्या आसपास आला. क्लोरोक्विनचा याच वाणावरचा आकडा नॅनोग्रॅममध्ये असतो, म्हणजे हजार पटींचा फरक. आणि पाण्यात उकळलेला काढा? सर्वांत वरच्या मात्रेलाही परजीवी जवळजवळ तसेच. यकृताच्या पेशींवर तोच नारिंगी भाग घालून बघितला. पेशींना मारणारी मात्रा आणि परजीवींना मारणारी मात्रा यांत निदान दहापट अंतर हवं. आमचं त्याहून कमी निघालं. म्हणजे जो परजीवीला मारतो तो थोडाफार आपल्यालाही.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदी पस्तीस फुटांच्या वर गेली. बडोदेकरांना त्या दिवसांबद्दल काही सांगायला नको. मगरी सोसायट्यांत, गाड्या पाण्यात. आमच्या इमारतीच्या तळमजल्यात पाणी, वीज बंद, पेटी गार. तीन दिवसांनी पोचले तेव्हा बरणीतल्या बश्यांत पेशी तपकिरी पडल्या होत्या. दोन वर्षं रोज जपलेला जीव, तोही हिवतापाचा, मेला म्हणून मी रडले. द्रव नायट्रोजनच्या पिंपाला मात्र वीज लागत नाही. वर भर घातली की पुरे. त्यातल्या कुप्या शाबूत होत्या. त्या वितळवून, तीन पायऱ्यांत मिठाच्या पाण्यानं धुऊन परत बरणीत घातल्या. पहिली अंगठी दिसायला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत बाहेर शहरभर डास झाले होते आणि आत मला एक परजीवी मिळत नव्हता.

उंदरांतल्या हिवतापावरची चार दिवसांची चाचणी आम्ही दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेकडून करून घेतली, आमच्याकडे बाधित प्राणी ठेवायची सोय नाही. निकाल: थोडी घट, क्लोरोक्विनच्या जवळपासही नाही. पुढे जाते.

सुरक्षिततेच्या चाचण्या आमच्याच प्राणीगृहात झाल्या. प्राण्यांवर प्रयोगाला नैतिक समितीची परवानगी लागते. किती प्राणी, का तेवढेच, त्याहून कमीत भागणार नाही का, याची उत्तरं द्यावी लागतात. तीव्र विषारीपणाच्या चाचणीला ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ४२३ क्रमांकाची पद्धत. एका पायरीला तीनच मोठे उंदीर (रॅट), बहुधा माद्या, कारण जिथे फरक दिसतो तिथे त्या थोड्या जास्त संवेदनशील असतात. धोका कमी वाटत असेल तर थेट दर किलोला दोन हजार मिलिग्रॅम. आदल्या रात्री खाणं बंद, पाणी चालू. माझी पहिली मादी एकशे साठ ग्रॅमची, म्हणजे तीनशेवीस मिलिग्रॅम अर्क. तो दीड मिलिलिटर घट्टसर द्रवात कालवायचा आणि वाकडी, बोथट टोकाची सुई घशातून जठरापर्यंत न्यायची. अर्क चिकट, सुईत अडकला. माझा हात थरथरत होता ते तिला कळलं असावं. प्राणीगृहातल्या भाईंनी मागून हात धरला. "बेन, धीरे. तमे श्वास लो, ए पण लेशे." मी श्वास घेतला. सुई गेली.

मग बसून बघायचं. पहिला अर्धा तास डोळ्यात तेल घालून, पहिले चार तास नीट, मग चौदा दिवस रोज. केस उभे आहेत का, डोळ्यांत पाणी, लाळ, थरथर, जुलाब, चाल, झोप. तिन्ही माद्या तासभर गप्प बसल्या, एकीनं पाय पोटाशी घेतले, मग खायला उठल्या. कुणी मेली नाही. दुसऱ्या तिघींतही नाही. ही पायरी पार झाली की बाटलीवर लगेच "पूर्णतः निर्धोक" छापणारे लोक मी बघितलेत. या चाचणीचा अर्थ इतकाच की एका मात्रेनं उंदीर पटकन मरत नाही. मीठही या चाचणीत पास होतं.

खरं कळलं ते अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीत. चार गट, प्रत्येकात पाच नर, पाच माद्या, रोज तोंडानं मात्रा, दर किलोला मिलिग्रॅममध्ये: शून्य, शंभर, तीनशे, हजार. तिसऱ्या आठवड्यात भाईंनीच आधी सांगितलं, वजन केल्याशिवाय, की हजारवाले पिंजरे "हलके लागतात". वजन केलं तर खरंच वाढ मंदावलेली. शेवटी रक्तात यकृताची एंझाइम्स त्याच गटात वर गेलेली, आणि काचपट्टीवर यकृताच्या पेशी सुजलेल्या. तीनशेच्या गटात काही नाही. शेवटच्या दिवसाबद्दल, प्राणी संपवतात त्या दिवसाबद्दल, मी लिहिणार नाही. त्या संध्याकाळी जेवले नाही, आणि काकूनं विचारलंही नाही.

तर तीनशेला त्रास नाही. माणसासाठी याचा हिशेब असा: या मोठ्या उंदराची मात्रा सहानं गुणून सदतीसनं भागायची, कारण लहान प्राण्याचं शरीर औषध भराभर निकालात काढतं. दर किलोला साधारण एकोणपन्नास मिलिग्रॅम आले. साठ किलोच्या माणसाला जवळपास दोन हजार नऊशे. आणि पहिल्यांदा माणसाला देताना त्याचा दहावा भाग, म्हणजे तीनशे मिलिग्रॅमच्या आत.

त्याच आठवड्यात मी काकांची मूठ मोजली. त्यांच्याच पद्धतीनं दोन भांडी पाणी एक भांडं होईपर्यंत आटवलं, गाळलं, बशीत ओतून सुकवलं. तळाशी साडेतीन ग्रॅम राहिलं. दिवसातून दोनदा, म्हणजे सात ग्रॅम. काढा आणि अल्कोहोलचा अर्क एक नव्हेत, त्यामुळे हे आकडे एकमेकांसमोर ठेवून "काका विष प्यायले" म्हणणं चूक ठरेल, आणि तसं मी म्हटलंही नाही. पण बशी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी नखानं थोडं खरवडून जिभेला लावलं. "हेच. हाच कडूपणा." मग बशीकडे बघत म्हणाले, "मग ताप गेला कसा?"

आता मला उत्तर माहीत होतं. व्हायवॅक्सचा ताप औषध न घेताही आपोआप ओसरतो, शरीरच त्याला दाबतं. पण परजीवीची काही पिल्लं यकृतात झोपून राहतात आणि आठवड्यांनी, महिन्यांनी उठतात. दोनदा आला, दोनदा घालवला असं नव्हतं. एकदाच आला होता, घरातच राहिला होता.

गेल्या सप्टेंबरात त्यांना परत थंडी वाजली. या वेळी मी रिक्षा बोलावूनच आत गेले. रक्ताची पट्टी मी स्वतः बघायचा हट्ट धरला आणि तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी सरकून जागा दिली. पसरट, वेडीवाकडी, पेशीला फुगवणारी अंगठी. व्हायवॅक्स. काचेखाली इतके महिने फाल्सिपेरम बघून घरच्या माणसाच्या रक्तात दुसरी जात बघणं विचित्र वाटलं. तीन दिवस क्लोरोक्विन, आणि यकृतातल्या झोपलेल्यांसाठी चौदा दिवस प्रायमाक्विन. प्रायमाक्विनच्या आधी जी६पीडीची तपासणी मी मागून घेतली. ते एंझाइम कमी असलेल्यांच्या तांबड्या पेशी या गोळीनं फुटतात. काकांचं ठीक निघालं. चौथ्या दिवशी ताप गेला आणि त्यांनी गोळ्या पुरे म्हणून जाहीर केलं. मी म्हटलं, "काका, तुम्ही विचारलं होतंत ना, ताप गेला कसा? तसाच जातो. म्हणून चौदा." पुढचे दहा दिवस पाकीट माझ्या पर्समध्ये आणि गोळी माझ्यासमोर. काढा त्यांनी सोडला नाही. छोटा उदेपूरची, शिसं नसलेली साल मी आणून दिली, मूठ अर्धी केली.

कामाचं म्हणाल तर नारिंगी भाग एकट्यानं औषध होणार नाही, हे प्रबंधात मी तसंच लिहिलंय. क्लोरोक्विनबरोबर दिला तर त्याची मात्रा कमी करता येते का, हे पुढची मुलगी बघतेय. केंद्र सरकारच्या २०१५च्या अधिसूचनेनुसार असा शुद्ध केलेला वनस्पतीजन्य भाग औषध म्हणून नोंदवायचा तर त्यातली निदान चार रसायनं ओळखून मोजलेली हवीत. आमची तीन झालीत. चौथ्याचा ठिपका पट्टीवर दिसतो, हातात येत नाही. तोवर तयार केलेला भाग चाळीस अंश आणि पंचाहत्तर टक्के दमटपणाच्या कपाटात ठेवलाय, किती टिकतो ते बघायला. उद्या त्याला सहा महिने होतात, सकाळी नमुना काढायचाय. वीज जाऊ नये म्हणजे झालं.